जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरचा ब्रेक आधी जड, मग एकदम पकडतो. वडिलांना आरामात चालवता यावा म्हणून काय करू?

गोराईकर

नमस्कार मंडळी. प्रश्न ब्रेकचा आहे आणि वडिलांसाठी विचारतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे आजोबांनी सत्तरच्या दशकात घेतलेला बी-२७५ आहे. पाटीवरचं 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' हे नाव अजून वाचता येतं. कांदिवलीला बनला, खाडीपलीकडे आमच्या गोराईत आला, पण रस्त्याने यायचं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा वळसा. भातशेती होती तोवर त्याने घर चालवलं. पुढे शेती भाजीपाल्यापुरती उरली आणि ट्रॅक्टर बरीच वर्षं चिंचेखाली ताडपत्रीत उभा होता. आम्ही भावांनी आता तो नटबोल्टापर्यंत खोलून पुन्हा उभा केला. इंजिन मूळचंच, बीडी-१४४, चार सिलिंडर, ३५ एचपी. स्लीव्ह आणि पिस्टन नवे. मागे १२.४-२८ चे टायर, पुढे ६.००-१६. रंग मूळचाच लाल.

सगळं मनासारखं झालं, फक्त ब्रेक नाही. पेडल दाबायला लागलो की आधी नुसतंच जड जातं, ट्रॅक्टर हळू होत नाही. पाय आणखी थोडा दाबला की एकदम पकडतो, पुढचा भाग खाली दबतो आणि ट्रॅक्टर डावीकडे ओढतो. पाय काढला तर पेडल रेंगाळत वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) नवे टाकलेत. आतल्या गोळ्या आणि प्लेटा जुन्याच आहेत, पुसून बसवल्या. पेडल, शाफ्ट, रॉड, सगळ्याला पावडर कोटिंग केलंय.

वडील ७४ वर्षांचे आहेत, उजवा गुडघा दुखतो. दसऱ्याला पूजा झाल्यावर गावातून ट्रॅक्टरची फेरी काढायची आणि ती त्यांनीच चालवायची असं घरात ठरलंय. वाटेत उत्तनच्या बाजूला चढउतार आहे. मूळ पत्र्याच्या सीटवर आम्ही फोमची जाड गादी बसवली, तरी ते म्हणतात पाय अवघडतो. गॅरेजवाला म्हणतो रॉड आणखी आवळू. वडिलांचं म्हणणं वेगळंच: "हा ब्रेक पूर्वी नुसता पाय ठेवला की लागायचा, जोर द्यावाच लागायचा नाही."

इतक्या जुन्या, पॉवर-बिवर काही नसलेल्या ब्रेकचं असं असू शकतं का? आणि त्यांना त्रास न होता चालवता यावा यासाठी काय काय करता येईल?

ठाण्याचा_यंत्रवेडा

अभिनंदन, फोटो नक्की टाका. माझं मत सांगतो: वडिलांचं वय आणि गुडघा बघता सरळ ऑइल ब्रेकवर जा. बहुतेक नवीन ट्रॅक्टरना तेलात बुडालेले ब्रेक येतात, ते मऊ चालतात, पाण्याचा-मातीचा त्रास नाही. ड्राय डिस्क, म्हणजे तुमचा बिनतेलाचा कोरडा ब्रेक, हा गेल्या जमान्यातला प्रकार. कारागीर चांगला मिळाला तर बदल होऊ शकतो. मूळपणाचा आग्रह रंगात ठेवा, ब्रेकमध्ये नको.

फिटर_बोरिवली

गोराईकर, तुमचे वडील म्हणतात ते शब्दशः खरं आहे. त्यांच्या पायाला तो ब्रेक आठवतोय. आधी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवा, मग पाना हातात घ्या.

मी आयटीआय करून ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात लागलो आणि निवृत्तीपर्यंत हेच काम केलं. वसई, पालघर, डहाणूकडचे बी-२७५ माझ्या हाताखालून गेलेत. या ट्रॅक्टरवर माझा जीव आहे हे लपवत नाही. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ही कंपनी काढली आणि दोन वर्षांनी कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडू लागले. मूळ आराखडा इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड कारखान्याचा. त्या काळी बहुतेक ट्रॅक्टरना ड्रम ब्रेक असायचे, मॅसी ३५ लाही ड्रमच. या घराण्यात मात्र आधीच्या बी-२५० पासून डिस्क आहे, आणि ती डिस्क आजच्या मोटारसायकलसारखी नाही. ती कशी चालते हे कळलं की तुमच्या सगळ्या तक्रारींचं उत्तर त्यातच सापडतं.

ब्रेकच्या डब्यात दोन लायनर लावलेल्या डिस्क असतात, त्या शाफ्टबरोबर फिरतात. त्यांच्या मधोमध दोन लोखंडी प्लेटा, त्या फिरत नाहीत. या दोन प्लेटांच्या समोरासमोरच्या अंगाला उतरत्या खाचा आहेत आणि त्या खाचांत स्टीलच्या गोळ्या. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रॉड या दोन प्लेटांना एकमेकींच्या उलट दिशेला किंचित फिरवतो. गोळ्या खाचेच्या उतारावर चढतात, प्लेटा फाकतात आणि लायनरना डब्याच्या भिंतीवर दाबतात. इथवर पायाचा जोर. खरी गंमत पुढे आहे. फिरणारी डिस्क घासायला लागली की ती प्लेटांनाही स्वतःबरोबर ओढते. त्यातली एक प्लेट डब्यातल्या ठोकळ्याला अडून थांबते, दुसरी ओढली जाते, गोळ्या आणखी वर चढतात, दाब आणखी वाढतो. म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला आवळतो. दाराखाली पाचर सरकवली की दार जितकं लोटाल तितकी ती घट्ट बसते, तसंच हे. रिव्हर्समध्ये हेच उलट होतं, दुसरी प्लेट अडते आणि पहिली ओढली जाते.

आणखी एक. हा ब्रेक चाकात नाही, आतल्या शाफ्टवर आहे, चाकापाशी वेग कमी करणाऱ्या शेवटच्या गिअरांच्या अलीकडे. त्यामुळे ब्रेकने धरलेला जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पट वाढतो. दीड टनाहून जड ट्रॅक्टर पायाच्या चवड्याने थांबायचा तो या दोन गोष्टींमुळे. त्यात पॉवरची गरजच नव्हती.

आता तुमचा ट्रॅक्टर. पेडल जड जातंय पण ब्रेक लागत नाही, याचा अर्थ तुमचा जोर ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही, वाटेत कुठेतरी खर्च होतोय. मग एकदम पकडतो, म्हणजे गोळ्या अडकून बसतात आणि अचानक सुटून वर चढतात. तिथून पुढे ब्रेक स्वतःच आवळला जातो, तुमच्या पायाच्या हातात काही राहत नाही. पेडल रेंगाळत परत येतं, तेही याच दोन कारणांनी. गॅरेजवाल्याला रॉड आवळू देऊ नका. रॉड आवळला की गोळ्या आधीच अर्ध्या उतारावर चढून बसतात, ब्रेक घासत राहतो, तापतो, आणि पकडायचा तेव्हा आणखी वाईट पकडतो.

सुरुवात बाहेरून करा. पावडर कोटिंग दिसायला छान, पण पेडलच्या बुशात (शाफ्ट ज्या नळीत फिरतो ती), पिनच्या भोकात आणि शाफ्टवर तो थर गेला की सगळं आवळून बसतं. नव्याने सजवलेल्या ट्रॅक्टरमध्ये मला हे सर्रास दिसतं. पेडलच्या शाफ्टला ग्रीस निपल आहे, तो रंगाने बुजलाय का बघा. रॉड ब्रेककडून सोडवा आणि नुसतं पेडल हाताने हलवा. एका बोटाने खाली जायला हवं आणि स्प्रिंगने ताडकन वर यायला हवं. येत नसेल तर शाफ्ट काढा, बुश आणि भोकं साफ करा, पिन झिजल्या असतील तर नव्या घाला, ग्रीस भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण वडिलांच्या गुडघ्याचा निम्मा त्रास इथेच संपेल असं मी खात्रीने सांगतो.

मग आत. डबा उघडण्याआधी एक गोष्ट जीवावरची: जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. तुम्ही लायनर बदलले असले तरी डब्याच्या कोपऱ्यात जुनी भुकटी राहिलेली असू शकते. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. आमच्या वेळी कुणी हे सांगितलं नव्हतं, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो.

मधल्या दोन प्लेटा वेगळ्या करा. गोळ्या पुसून चकचकीत दिसल्या तरी बोटात फिरवून बघा, खड्डे लागतात का. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये, त्यातून खाऱ्या हवेत, गोळी जिथे टेकून राहते त्याच जागी खाचेत गंजाचा खळगा पडतो. गोळी त्या खळग्यात बसते आणि निघताना झटका देते. तुमचा 'एकदम' तो हाच असणार. नुसता वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. खळगा असेल तर ग्राइंडर लावायचा मोह टाळा, खाचेचा उतार बदलला की दोन्ही बाजूंचे ब्रेक कधीच सारखे होणार नाहीत. प्लेट बदला. गोळ्या मात्र तशाही नव्याच घाला, सगळ्या एका मापाच्या, नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे मिळतात. जुनी गोळी सोबत न्या आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या. प्लेटा एकत्र ओढणाऱ्या स्प्रिंगाही नव्या घाला. त्या ढिल्या पडल्या की पाय काढल्यावर ब्रेक सुटत नाही. बसवताना फक्त खाचेत हाय-टेम्परेचर ग्रीसचा पुसट हात, बाकी डब्यात तेल-ग्रीसचा डागही नको.

डब्यात तेल दिसलं तर थांबा, शाफ्टचं ऑइल सील गेलंय. ते बदलल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. तेल प्यालेला लायनर धुऊन, तापवून वापरायचा सल्ला लोक देतात, मी देत नाही. तो कधी घसरतो, कधी पकडतो, आणि तुमच्या वडिलांना ते सांभाळत बसायला लावणं बरोबर नाही. डावीकडे ओढण्याचं कारणही इथेच सापडू शकतं: डावा जास्त पकडतोय की उजवा तेलामुळे पकडतच नाही, हे उघडल्यावर कळेल.

जुळवणी शेवटी. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. गिअर न्यूट्रल. डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकला वेगवेगळं पेडल आहे, त्या दोन्ही पेडलना मोकळी चाल (ब्रेक लागण्याआधी पेडल सैल हलतं तेवढं अंतर) सारखी ठेवा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच पाळा, मी इंच-दीड इंच ठेवत आलो. ब्रेक लागतो त्या जागी रॉड आणि त्याचा आखूड दांडा यांच्यात काटकोन व्हायला हवा, नाहीतर पायाचा जोर वाया जातो. मग दोन्ही पेडल कडीने जोडा, एकाने फळीने थोडं दाबून धरा आणि दुसऱ्याने दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. एक घट्ट, एक सैल लागलं तर सैलाला आवळू नका, घट्टाला ढिलं द्या. मग ट्रॅक्टर खाली उतरवा, कोरड्या रस्त्यावर अगदी हळू वेगात कडी लावून ब्रेक मारा, टायरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या उमटतात का ते बघा. थोडं चालवून झालं की उतरून दोन्ही डब्यांजवळ हात न्या. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर गरम घासतोय.

ठाणेकर मित्रांना आदरपूर्वक सांगतो, ऑइल ब्रेक चांगलेच आहेत आणि ते का आले हेही मला माहीत आहे. पण या गाडीचा ड्राय डिस्क नीट असेल तर तो कमजोर नाही. बाहेरून जोडजंतर केलेल्या ब्रेकवर मी ७४ वर्षांच्या माणसाला बसवणार नाही. मूळ ब्रेक मूळ स्थितीत आणणं हाच इथे सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे.

गादीबद्दल उद्या लिहितो, ते वेगळं प्रकरण आहे.

व्हिंटेज_दादर

काकांच्या उत्तरानंतर बोलायला फार उरत नाही. पेडलच्या जागेबद्दल एक जोडतो. १९३९ च्या फोर्ड ९एनला डावा ब्रेक डाव्या बाजूला क्लचजवळ आणि उजवा उजवीकडे होता. क्लच दाबून डावा ब्रेक लावायचा म्हणजे एका पायाला दोन कामं. १९४७ च्या ८एनला त्यांनी दोन्ही ब्रेक उजवीकडे आणले. तुमच्या बी-२७५ ला ही सोय मुळातच आहे, डावा पाय क्लचला, उजवा दोन्ही ब्रेकना. म्हणून ती जोडणारी कडी तपासा. कडीचं भोक झिजलं असेल तर एक पेडल आधी खाली जातं, दुसरं मागून, आणि ब्रेक बरोबर जुळवूनही ट्रॅक्टर ओढतो. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून घेणं हे तासाभराचं काम आहे.

मनोरीची_शेतकरीण

गोराईकर दादा, आम्ही शेजारीच. आमच्याकडे याच जातीचा ट्रॅक्टर आहे, जरा नंतरचा, आणि तो मी चालवते. चिखलणीला केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून तोच असतो.

ड्राय ब्रेकचा खरा शत्रू चिखलणी आहे. बांधाजवळ वळायला एका बाजूचा ब्रेक सारखा मारावा लागतो आणि तेवढ्यात चिखलाचं पाणी डब्यात शिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ब्रेक पहिल्या दाबाला कचकन पकडतो, कारण रात्रभरात भिंतीवर तांबूस गंज आलेला असतो. मी सकाळी निघायच्या आधी अंगणातच लहान गिअरमध्ये थोडं पुढे-मागे करून ब्रेक हलके हलके घासून घेते. तेवढ्याने गंज निघून जातो. तुमचा ट्रॅक्टर महिन्यातून एखाद्या वेळी निघणार असेल तर हे कायमचं लक्षात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि उभा करून ठेवताना हँडब्रेक ओढून महिनोन्महिने सोडू नका, लायनर भिंतीला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळे द्या.

दुसरं पायातल्या चपलेबद्दल. गावात सगळे स्लिपर घालून ट्रॅक्टरवर चढतात. स्लिपरचा पुढचा भाग दोन पेडलांच्या मध्ये अडकतो, ओला असला तर पायाखालून निसटतो. बाबांना पातळ रबरी तळव्याचा, टाचेला पट्टा असलेला सँडल द्या. जाड बूट नको, पेडल किती दबलं ते पायाला कळत नाही. आमच्या पेडलचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते, मी त्यावर दातेरी पट्टी वेल्ड करून घेतली, फार फरक पडला.

फिटर_बोरिवली

ताईंनी चिखलणीचं अगदी बरोबर सांगितलं. ऑइल ब्रेक यायला हेच मोठं कारण.

आता गादी. मूळ पत्र्याची सीट ज्या उंचीवर आहे त्या हिशोबाने पेडल बसवलीत. वर जाड फोम आला की माणूस उंच बसतो, टाच फूटबोर्डवर टेकत नाही, पाय हवेत लोंबतो. मग ब्रेक दाबायला सगळी मांडी उचलून खाली आणावी लागते. गुडघा दुखणाऱ्या माणसाला हेच नको असतं. टाच टेकलेली असेल तर घोटा वाकवून चवड्याने ब्रेक लागतो, गुडघा जवळपास हलतच नाही. जाड फोम काढा, कंबरेपुरती पातळ गादी ठेवा. सीट मागे-पुढे करायची भोकं आहेत. वडिलांना बसवून, टाच टेकवून, चवडा दोन्ही पेडलवर ठेवायला सांगा. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा राहील असं भोक निवडा. टाच तरीही पोहोचत नसेल तर टाचेखाली फूटबोर्डवर लाकडी फळी घट्ट बोल्ट करा. ती सरकता कामा नये, पेडलखाली गेली तर अनर्थ होईल.

चालवण्याबद्दल वडिलांना मी काय शिकवणार, पण फेरीत माणसं असतील म्हणून लिहितोच. थांबायचं असेल तर आधी हातातला अॅक्सिलरेटर खाली. इंजिन स्वतःच ट्रॅक्टर निम्मा थांबवतं. मग क्लच न दाबता ब्रेकला हलका पाय, आणि अगदी थांबताना क्लच. पुष्कळ जण आधी क्लच दाबतात. तिथे इंजिनची मदत सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उताराला लागण्याआधीच गिअर निवडायचा, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. मध्यावर गिअर बदलायचा नाही आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहे. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरू शकतात. मागे ट्रॉली असेल, तर तिला स्वतःचा ब्रेक नसतो, ती ढकलते. ट्रॅक्टर वाकडा असताना ढकललं तर तो आडवा होतो. दसऱ्याला ट्रॉली जोडूच नका अशी माझी विनंती आहे.

रस्त्यावर कडी लावलेलीच हवी. एकेरी ब्रेक हा शेतातल्या वळणासाठी, चालत्या माणसाच्या वेगाला. रस्त्याच्या वेगात एका बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होतो, त्यात सावरायला वेळ मिळत नाही. डिफरन्शियल लॉक लावलेला असताना एकेरी ब्रेक मारायचा नाही, तेव्हा दोन्ही चाकं एकत्र बांधलेली असतात आणि गिअरवर ताण येतो.

आणि मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही. मला माहीत आहे, फेरीत नातवंडं हट्ट करतात, फोटो काढायचे असतात. उभ्या ट्रॅक्टरवर, इंजिन बंद करून, हवे तेवढे काढा. चालत्या ट्रॅक्टरवर एकच माणूस, चालवणारा. ब्रेक चांगला झाला की हे आणखी महत्त्वाचं, कारण चांगला ब्रेक लागला की मडगार्डवरचं मूल पुढच्या बाजूला, मागच्या चाकासमोर पडतं. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

गोराईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले काही दिवस यातच होतो.

काका, निपल खरंच रंगाने बुजलेला होता आणि पेडलच्या बुशात कोटिंगचा थर. शाफ्ट हातोडीने ठोकून काढावा लागला इतका आवळला होता. साफ करून ग्रीस भरल्यावर पेडल बोटाने खाली जातंय. डबे उघडले. डाव्या बाजूला खाचांत खळगे होते, अगदी तुम्ही लिहिलंत तसे, गोळी टेकून राहायची नेमक्या त्याच जागी. उजवीकडे सील गळत होतं, नवा लायनर एका कडेला काळा पडला होता. म्हणजे डावा झटक्याने पकडत होता आणि उजवा अर्धाच. डाव्या बाजूच्या प्लेटा कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्यांकडे मिळाल्या, गोळ्या आणि सील नागदेवीला. उजवा लायनर पुन्हा नवा टाकला. व्हिंटेज दादर, कडीचं भोक लांबट झालं होतं, भरून घेतलं. फोम काढला, पत्र्यावर आता गोधडीची दोनपदरी घडी आहे आणि सीट एक भोक पुढे घेतली.

काल वडिलांनी चालवला. वाडीतून रस्त्यापर्यंत आणि परत. उतरल्यावर म्हणाले, "आता हा माझा ट्रॅक्टर." आईने मागून विचारलं गुडघा कसा आहे, तर म्हणाले गुडघ्याचं काय, पाय तर हलवलाच नाही.

मनोरीकर ताई, सँडल आणले. पेडलवर दातेरी पट्टी कुठून केलीत तेवढं सांगा. एकच शंका उरलीय: ब्रेक अजून थोडा तुटक लागतो, पहिल्यासारखा झटका नाही पण एकसंधही नाही. उजवीकडे जरा जास्त. पुन्हा काही उघडायला हवं का?

मनोरीची_शेतकरीण

पट्टी भाईंदरला फॅब्रिकेशनवाल्याकडून. चेकर्ड प्लेटचा तुकडा न्या, तो पेडलच्या मापाने कापून लावेल. वेल्डिंग करताना पेडल काढून न्या, म्हणजे बुशातलं ग्रीस जळणार नाही.

फिटर_बोरिवली

वाचून फार समाधान वाटलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

उघडू नका. नवा लायनर अजून भिंतीवर सगळीकडून बसलेला नाही, उजवा ताजा आहे म्हणून तिकडे जास्त जाणवतं. मोकळ्या रस्त्यावर मधल्या गिअरमध्ये हलका ब्रेक, पुन्हा सोडा, थोडं चालू द्या, थंड होऊ द्या, पुन्हा हलका. जोरात दाबून लवकर बसवायला जाऊ नका, लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि मग तो कधीच नीट पकडत नाही. बसत जाईल तशी पेडलची मोकळी चाल वाढेल, दोन्हीकडे सारखी वाढेलच असं नाही. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा मोजा, कमी-जास्त असेल तर रॉडवर सारखी करा आणि लॉक नट घट्ट झालेत ना ते हाताने फिरवून बघा. त्याच वेळी उजव्या डब्याच्या खाली बोट फिरवा. कोरडं असेल तर सील बसलं.